कोसळलेला डेटाबेस सर्व्हर पुन्हा सुरू होत नसेल तेव्हा

सर्व्हर का कोसळला आणि तो आता का उठत नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यात असेलच असे नाही. समजा, चार महिन्यांपूर्वी कोणीतरी कॉन्फिगरेशन फाइलमध्ये बदल केला आणि त्यात एक चूक राहून गेली. चालू असलेल्या प्रक्रियेने ती फाइल पुन्हा वाचलीच नाही, त्यामुळे चूक उघडकीस आली नाही. आज मेमरी संपल्यामुळे सर्व्हर पडला आणि पुन्हा सुरू होताना त्याने चार महिन्यांनी प्रथमच ती फाइल वाचली. अशा वेळी मेमरीचा माग काढत बसल्यास तास निघून जातो आणि सर्व्हर मात्र बंदच राहतो. म्हणून आधी त्याला उठण्यापासून काय अडवते आहे ते शोधावे आणि पडण्याचे कारण सेवा सुरळीत झाल्यावर पाहावे. त्यासाठी लागणाऱ्या नोंदी तेवढ्या पुसल्या जाणार नाहीत याची काळजी आताच घ्यावी.

पुढील विवेचन मुख्यतः लिनक्सवर चालणाऱ्या पोस्टग्रेस (पोस्टग्रेसक्यूएल) या डेटाबेसला धरून आहे. मायएसक्यूएल आणि मारियाडीबी या डेटाबेसांची रीत जिथे वेगळी आहे, तिथे तसे सांगितले आहे.

तो खरोखरच अडला आहे का?

कोसळल्यानंतर सुरू होणारा डेटाबेस लगेच जोडण्या स्वीकारत नाही. शेवटच्या चेकपॉइंटनंतर (बदल डेटा फाइलींत पक्के झाल्याच्या शेवटच्या टप्प्यानंतर) झालेले सर्व बदल तो रीडू लॉगमधून (प्रत्येक बदलाची आधी नोंद होते त्या फाइलींतून), म्हणजे पोस्टग्रेसच्या बाबतीत वॉलमधून, पुन्हा लागू करतो आणि त्यानंतरच दार उघडतो. या काळात जोडणी करू पाहणाऱ्याला ‘डेटाबेस सिस्टिम इज स्टार्टिंग अप’ असा नकार मिळतो. हा बिघाड नसून दुरुस्ती (रिकव्हरी) चालू असल्याची खूण आहे. पीजी_सीटीएल हा आदेश मुळात ६० सेकंदच वाट पाहतो आणि मग सर्व्हर वेळेत सुरू झाला नाही असे सांगून मोकळा होतो, पण मागे रिकव्हरी चालूच असते. या संदेशाला घाबरून प्रक्रिया मारून टाकणारे बरेच भेटतात.

लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणारा सिस्टमडी मात्र नुसता संदेश देऊन थांबत नाही. सेवा सुरू होण्यासाठी त्याची मूळ मुदत ९० सेकंदांची असते आणि युनिट फाइलमध्ये (सिस्टमडीसाठी सेवेची मांडणी लिहिलेल्या फाइलीत) ती वाढवलेली नसेल, तर रिकव्हरी अर्ध्यावर असतानाच तो सर्व्हरला संपवतो. पोस्टग्रेसची क्रॅश रिकव्हरी अशी मध्येच तुटली की पुढच्या वेळी ती त्याच चेकपॉइंटपासून पुन्हा सुरू होते. म्हणजे ज्या सर्व्हरला सावरायला सहा मिनिटे लागणार आहेत, तो दर ९० सेकंदांनी मारला जातो आणि कधीच उठत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र वाटते की डेटा खराब झाला. उपाय साधा आहे. सिस्टमसीटीएल एडिट वापरून त्या सेवेची टाइमआउट-सेकंद ही मर्यादा ‘इन्फिनिटी’ करावी आणि मग सेवा सुरू करावी. लागोपाठच्या अपयशांमुळे सिस्टमडीने पुढचा प्रयत्नच नाकारला असेल, तर आधी सिस्टमसीटीएल रीसेट-फेल्ड चालवावे लागते.

रिकव्हरी पुढे सरकते आहे की अडून बसली आहे, हे ओळखण्याची खात्रीची जागा म्हणजे प्रक्रियांची यादी. पीएस चालवल्यावर पोस्टग्रेसच्या ‘स्टार्टअप’ प्रक्रियेच्या नावापुढे ‘रिकव्हरिंग’ हा शब्द आणि सध्या लागू होत असलेल्या वॉल फाइलचे २४ अक्षरी नाव दिसते. अर्ध्या मिनिटाच्या अंतराने दोनदा पाहावे. नावाच्या शेवटची अक्षरे बदलली असतील तर काम चालू आहे आणि आपण हात बांधून बसणे हेच योग्य. आवृत्ती १५ पासून लॉगमध्येही दर १० सेकंदांनी प्रगतीची नोंद पडते. फाइलचे नावच दिसत नसेल, तर सर्व्हर कदाचित त्याआधीच्या टप्प्यात असेल. क्रॅशनंतर तो डेटा डिरेक्टरीतील प्रत्येक फाइल डिस्कवर पक्की करून घेतो आणि लाखो फाइली असल्यास यातच बराच वेळ जातो.

मायएसक्यूएलमध्ये डेटा साठवणारे इंजिन इनोडीबी रीडू लॉग लागू करून झाल्यावर जोडण्या स्वीकारू लागते, पण अपूर्ण राहिलेले व्यवहार मागे घेण्याचे काम पार्श्वभूमीत चालू राहते. कोणी लाखो ओळींचा अपडेट अर्धवट सोडला असेल, तर सर्व्हर उठलेला असूनही त्या ओळी कुलूपबंद राहतात. रागाने पुन्हा रीस्टार्ट केल्यास ते काम टळत नाही.

लॉग, आणि त्याआधी एक प्रत

सिस्टमसीटीएल स्टेटसमध्ये दिसणाऱ्या शेवटच्या दहा ओळींवर निदान करू नये. त्यात बहुधा ‘मुख्य प्रक्रिया संपली’ एवढेच असते. खरे कारण डेटाबेसच्या स्वतःच्या लॉगमध्ये असते. पोस्टग्रेसचा लॉग डेबियन घराण्यात /व्हार/लॉग/पोस्टग्रेसक्यूएल या ठिकाणी, तर रेड हॅट घराण्यात बहुधा डेटा डिरेक्टरीतल्याच ‘लॉग’ नावाच्या उपडिरेक्टरीत मिळतो. मायएसक्यूएलचा एरर लॉग डेबियनवर /व्हार/लॉग/मायएसक्यूएल या डिरेक्टरीत, तर रेड हॅटवर /व्हार/लॉग/मायएसक्यूएलडी डॉट लॉग या फाइलीत असतो. लॉगिंग सुरू होण्यापूर्वीच सर्व्हर मरत असेल, तर सिस्टमडीचा लॉग दाखवणाऱ्या जर्नलसीटीएलकडे वळावे. तिथेही काही नसेल, तर डेटाबेसच्या वापरकर्त्याच्या नावाने सर्व्हर थेट टर्मिनलवर चालवून पाहावा, म्हणजे चूक डोळ्यांसमोर छापली जाते. रूट म्हणून चालवू नये: पोस्टग्रेस तसे चालण्यास नकारच देतो आणि मायएसक्यूएल चाललाच, तर मागे रूटच्या मालकीच्या फाइली सोडून जातो, ज्या पुढच्या वेळी नवा अडथळा बनतात.

लॉग वाचताना शेवटची ओळ नव्हे, तर या प्रयत्नातील ‘फेटल’ किंवा ‘पॅनिक’ असे लिहिलेली पहिली ओळ शोधावी. तिच्यानंतरचे बरेचसे केवळ त्या एका घटनेचे पडसाद असतात.

काहीही हलवण्यापूर्वी संपूर्ण डेटा डिरेक्टरीची प्रत करावी. सर्व्हरच्या सर्व प्रक्रिया बंद असल्याची खात्री करून ती मालकी आणि परवानग्यांसह वेगळ्या डिस्कवर न्यावी. टेबलस्पेसेस (टेबले ठेवलेल्या वेगळ्या डिरेक्टऱ्या) आणि वॉल दुसरीकडे असतील तर त्यांचीही प्रत हवी. एलव्हीएम किंवा झेडएफएससारखी साठवण व्यवस्था असेल तर स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) काही क्षणांत होतो. डेटा मोठा असल्यास प्रतीला तास लागेल आणि वरून विचारणा होत राहील, तरीही ही पायरी गाळू नये असे माझे ठाम मत आहे. पुढे येणाऱ्या काही उपायांनंतर मागे फिरता येत नाही आणि तेव्हा ही प्रतच काय ती हाती उरते. अपवाद दोनच. लॉगने कॉन्फिगरेशनमधली ओळ क्रमांकासह दाखवली असेल तर प्रतीची गरज नाही. आणि अद्ययावत स्टँडबाय (मूळ सर्व्हरशी सतत जुळवला जाणारा दुसरा सर्व्हर) हाताशी असेल, तर आधी त्याला प्रमुख करून सेवा सुरू करावी आणि पडलेला सर्व्हर सावकाश तपासावा. मात्र तो चुकूनही जुन्या भूमिकेत उठून लेखन स्वीकारणार नाही, याचा बंदोबस्त त्याआधी हवा.

डिस्क भरलेली आहे

न उठणाऱ्या सर्व्हरच्या कारणांत हे सर्वांत नेहमीचे आणि घाईत सर्वांत जास्त नुकसान याच ठिकाणी होते. रिकव्हरीलाही लिहायला जागा लागते; ती नसेल तर सर्व्हर ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ म्हणून पुन्हा पडतो. डीएफने मोकळी जागा पाहावी आणि त्याच आदेशाला आय हा पर्याय देऊन आयनोडही (प्रत्येक फाइलीला लागणाऱ्या नोंदी) पाहावेत, कारण जागा शिल्लक असून आयनोड संपलेले असू शकतात. डीएफ आणि फाइलींचे आकार मोजणारा डीयू यांचे आकडे जुळत नसतील, तर हटवलेली पण अजून एखाद्या प्रक्रियेने उघडी धरलेली फाइल जागा अडवून बसली आहे असे समजावे. एलएसओएफ तिचा पत्ता सांगते आणि ती प्रक्रिया बंद होताच जागा सुटते.

आता डोळ्यांसमोर पीजी_वॉल ही डिरेक्टरी असते, तिच्यात प्रत्येकी १६ मेगाबाइटच्या शेकडो फाइली असतात आणि त्या काढून टाकण्याचा मोह होतो. तो आवरावा. रिकव्हरीला ज्या नोंदी हव्या आहेत त्या याच फाइलींमध्ये आहेत; त्या गेल्या तर सर्व्हर न उठण्याचे दुसरे आणि कितीतरी अवघड कारण तयार होते. या डिरेक्टरीचे जुने नाव पीजी_एक्सलॉग होते आणि नावात ‘लॉग’ दिसतो म्हणून लोक ती साफ करत; २०१७ मध्ये आलेल्या आवृत्ती १० मध्ये नाव बदलण्यामागे हेही कारण होते.

जागा इतरत्र करावी. त्याच विभाजनावरील जुने ॲप्लिकेशन लॉग, पॅकेजांची कॅशे आणि विसरलेले डंप (डेटाबेसमधून काढलेल्या डेटाच्या फाइली) हलवावेत किंवा व्हॉल्यूम वाढवावा. ईएक्सटी४ फाइल सिस्टिममध्ये मुळात ५ टक्के जागा रूटसाठी राखीव असते आणि ती डेटाबेसच्या वापरकर्त्याला मिळत नाही. ट्यूनटूएफएसने हे प्रमाण १ टक्क्यावर आणले, तर ५०० जीबीच्या डिस्कवर सुमारे २० जीबी तत्काळ मोकळी होते, तेही फाइल सिस्टिम माउंट असताना. यातले काहीच शक्य नसेल, तर सर्व्हर पूर्ण बंद असताना पीजी_वॉल ही डिरेक्टरी अखंडपणे दुसऱ्या डिस्कवर हलवून तिच्या जागी सिम्बॉलिक लिंक ठेवता येते.

सर्व्हर उठल्यावर वॉल का साचला हे त्याच दिवशी शोधावे, नाहीतर डिस्क पुन्हा भरेल. बहुतेकदा वॉलची प्रत दुसरीकडे ठेवणारा (आर्काइव्ह) आदेश अपयशी ठरत असतो, किंवा कधीच बंद झालेल्या स्टँडबायचा रेप्लिकेशन स्लॉट (त्याने कुठवरचा वॉल घेतला याची नोंद) मागे राहिलेला असतो. असा स्लॉट कितीही वॉल धरून ठेवतो. आवृत्ती १३ पासून त्याला मर्यादा घालता येते, पण ती स्वतःहून घातलेली नसते. मायएसक्यूएलमध्ये डिस्क भरण्याची हीच भूमिका बायनरी लॉग बजावतात. तेही आरएमने काढू नयेत, कारण त्यांची यादी इंडेक्स फाइलमध्ये असते आणि यादीतली फाइल जागेवर नाही या कारणावरूनही सर्व्हर सुरू होण्यास नकार देऊ शकतो. सर्व्हर उठल्यावर पर्ज बायनरी लॉग्ज हा आदेश वापरावा.

जुन्या प्रक्रियेची सावली

पोस्टग्रेस सुरू होताना डेटा डिरेक्टरीत पोस्टमास्टर डॉट पीआयडी नावाची फाइल ठेवतो. तिच्या पहिल्या ओळीत प्रक्रियेचा क्रमांक, दुसरीत डेटा डिरेक्टरीचा मार्ग आणि चौथीत पोर्ट असतो. कोसळल्यानंतर ही फाइल मागे राहते. त्या क्रमांकाची प्रक्रिया जिवंत नसेल, तर नवा सर्व्हर ती फाइल स्वतःच बाजूला करतो. म्हणजे ‘लॉक फाइल आधीच अस्तित्वात आहे’ असे सांगून तो थांबत असेल, तर त्याला त्या क्रमांकाची कोणतीतरी प्रक्रिया खरोखर दिसलेली असते. पीएसने ती कोणती आहे ते पाहावे. एकाच वापरकर्त्याखाली दोन क्लस्टर (पोस्टग्रेसचे स्वतंत्र डेटा संच) चालणाऱ्या यंत्रावर रीबूटनंतर जुना क्रमांक दुसऱ्या क्लस्टरच्या वाट्याला येतो, असे कधीतरी घडते. तसे निर्विवाद सिद्ध झाले आणि या डिरेक्टरीवर काम करणारी एकही प्रक्रिया नाही हे पटले, तरच ती फाइल हाताने काढावी.

सामायिक मेमरीचा जुना भाग अजून वापरात आहे असा संदेश आला, तर मात्र फाइलीला हातही लावू नये. मुख्य प्रक्रिया मेली असली तरी तिची एखादी बॅकएंड (एकेका जोडणीचे काम पाहणारी) प्रक्रिया अजून जिवंत आहे असा त्याचा अर्थ होतो. मुख्य प्रक्रियेला किल -९ दिल्यावर ही स्थिती उद्भवू शकते. तशात दुसरा सर्व्हर उभा राहिला, तर दोघे एकाच वेळी त्याच फाइलींत लिहू लागतात आणि डेटा कायमचा बिघडतो. उरलेल्या प्रक्रियांना साध्या टर्म संकेताने थांबवावे. त्या ‘डी’ अवस्थेत (डिस्कच्या उत्तराच्या प्रतीक्षेत) अडकलेल्या असतील तर कोणताही संकेत चालत नाही. दोष डिस्कचा किंवा नेटवर्क स्टोरेजचा आहे आणि तिथेच पाहायला हवे.

मायएसक्यूएलमध्ये हेच दुखणे आयबीडेटा१ या फाइलीवर लॉक मिळत नाही, त्रुटी ११, अशा शब्दांत दिसते. पोर्ट अडलेला असेल, तर एसएस आदेशाने ५४३२ किंवा ३३०६ कोणी धरला आहे ते कळते.

माउंट, परवानग्या आणि आवृत्ती

यंत्र रीबूट झाले असेल, तर डेटाची डिस्क खरोखर माउंट झाली आहे ना, हे आधी पाहावे. ती झालेली नसताना त्या जागी रिकामी डिरेक्टरी दिसते आणि इथला धोका सर्व्हर न उठण्याचा नसून उठण्याचा आहे. पोस्टग्रेसची अधिकृत कंटेनर इमेज आणि रेड हॅट घराण्यातील मायएसक्यूएलची सेवा रिकामी डिरेक्टरी दिसली, की त्यात नवाकोरा डेटाबेस मांडतात. सर्व्हर हिरवा दिसतो आणि ॲप्लिकेशनला एकही टेबल सापडत नाही. अशा वेळी बॅकअप परत आणण्याची घाई करू नये. सेवा थांबवून डिस्क माउंट करावी, डेटा बहुधा जसाच्या तसा असतो. फाइल सिस्टिम त्रुटीमुळे केवळ-वाचन अवस्थेत गेली असेल, तर कर्नलच्या संदेशांत त्याची नोंद असते.

पोस्टग्रेसच्या डेटा डिरेक्टरीवर ०७०० किंवा आवृत्ती ११ पासून ०७५० याच परवानग्या चालतात. कोणी सर्वांना मुभा देऊन अडचण सोडवायला गेले, तर सर्व्हर उलट हटून बसतो. परवानग्या आणि मालकी ठीक असूनही नकार मिळत असेल, तर एसईलिनक्स किंवा ॲपआर्मर या सुरक्षा यंत्रणांकडे पाहावे.

मधल्या काळात पॅकेज आपोआप अद्ययावत झाले असल्याचीही शक्यता असते. पोस्टग्रेसची नवी प्रमुख आवृत्ती जुन्या डेटा डिरेक्टरीवर चालतच नाही. मायएसक्यूएल ८ तर ५.७ चा क्रॅश झालेला रीडू लॉग स्वीकारत नाही आणि तसे स्पष्ट सांगतो. जुनी आवृत्ती पुन्हा बसवून, तिला रिकव्हरी करू देऊन, रीतसर बंद करावी आणि मगच पुढे जावे. कॉन्फिगरेशनचा संशय असल्यास मायएसक्यूएल ८.०.१६ पासून व्हॅलिडेट-कॉन्फिग हा पर्याय सर्व्हर सुरू न करता फाइल तपासतो. पोस्टग्रेसमध्ये मुख्य फाइलीसोबत पोस्टग्रेसक्यूएल डॉट ऑटो डॉट कॉन्फ हीही पाहावी, कारण ऑल्टर सिस्टिमने केलेले बदल तिच्यात जातात आणि तेच वरचढ ठरतात.

डेटाच बिघडलेला असेल तर

वरचे सारे तपासून झाल्यावरच या टप्प्यावर यावे. योग्य चेकपॉइंट नोंद सापडत नाही असे पोस्टग्रेस म्हणत असेल, तर डेटा डिरेक्टरीत बॅकअप_लेबल ही फाइल आहे का ते पाहावे. ती असल्यास एकच प्रश्न महत्त्वाचा: ही मूळ डिरेक्टरी आहे की बॅकअपमधून आणलेली? मूळ डिरेक्टरीत, जुन्या पद्धतीचा बॅकअप चालू असताना सर्व्हर पडल्यामुळे ती राहिली असेल, तर तिला बाजूला हलवून सर्व्हर सुरू करता येतो. बॅकअपमधून आणलेल्या प्रतीत ती काढली, तर सर्व्हर सुरू होतो खरा, पण आतील डेटा विसंगत राहतो आणि ते आठवड्यांनी कळते.

पीजी_रीसेटवॉल हा अखेरचा उपाय आहे. तो लागू न झालेले बदल सोडून देतो आणि सर्व्हरला ‘सर्व ठीक आहे’ असे मानायला लावतो. बॅकअपमधून परत येणे शक्य असेल, तर तो वापरू नये. वापरावाच लागला, तर आधी एन पर्यायाने तो काय करणार आहे ते पाहावे, प्रतीवर चालवावा आणि सर्व्हर उठताच त्यावर लेखन होऊ न देता संपूर्ण डंप काढून नव्या क्लस्टरमध्ये भरावा. तोच क्लस्टर पुढे वापरत राहणे धोक्याचे आहे.

मायएसक्यूएलमध्ये इनोडीबी_फोर्स_रिकव्हरी हे मूल्य १ पासून एकेक पायरी वाढवत न्यावे. १ ला खराब पाने दुर्लक्षिली जातात, २ ला पर्जसारखी (जुन्या नोंदी साफ करण्यासारखी) पार्श्वभूमीची कामे थांबतात आणि ३ ला अपूर्ण व्यवहार मागे घेतले जात नाहीत. ४ आणि त्यापुढील मूल्यांनी डेटा फाइलींचे कायमचे नुकसान होऊ शकते. ६ तर रीडू लॉगच लागू करत नाही. ज्या पायरीवर सर्व्हर उठेल तिथे थांबून डंप घ्यावा. डंप एखाद्या टेबलवर कोसळला, तर ते वगळून बाकीची आधी काढावीत आणि मग त्या टेबलमधून प्राथमिक कळीच्या पट्ट्यांनुसार, खराब पानाच्या अलीकडून आणि पलीकडून, मिळेल तेवढे सोडवावे.

कर्नलच्या संदेशांत डिस्कच्या वाचन त्रुटी दिसत असतील, तर यातले काहीही त्या डिस्कवर करू नये. मरणासन्न डिस्कवरचे प्रत्येक वाचन तिला आणखी थकवते. डीडीरेस्क्यूने प्रतिमा काढून काम प्रतिमेवरच करावे.

उठल्यानंतर

सर्व्हरने जोडण्या स्वीकारल्या म्हणजे डेटा शाबूत आहे असे नव्हे. पूर्ण डंप काढून तो फेकून दिला तरी प्रत्येक टेबल एकदा वाचून होते. इंडेक्स त्यात वाचले जात नाहीत, त्यांच्यासाठी आवृत्ती १४ पासून पीजी_ॲमचेक आहे. मायएसक्यूएलमध्ये चेक टेबल चालवावे.

त्यानंतर पडण्याच्या कारणाकडे वळावे. कर्नलच्या लॉगमध्ये मेमरी संपल्याने प्रक्रिया मारल्याची नोंद असेल, तर मेमरीच्या मर्यादा आणि जोडण्यांची संख्या तपासावी आणि कर्नलच्या ओव्हरकमिटचे (मेमरी किती वाटायची या धोरणाचे) मूल्य २ करण्याचा विचार करावा. एफसिंक (डेटा डिस्कवर पक्का करण्याची क्रिया) अपयशी ठरल्याची पॅनिक ओळ असेल, तर दोष स्टोरेजचा आहे. अशा वेळी पोस्टग्रेस मुद्दाम पडतो, कारण २०१८ मध्ये असे लक्षात आले, की अपयशानंतर पुन्हा केलेला एफसिंक यशस्वी ठरला तरी आधीची पाने डिस्कवर पोहोचलेली नसू शकतात.

शेवटी घाईत केलेले तात्पुरते बदल मागे घ्यावेत. फोर्स रिकव्हरीची ओळ कॉन्फिगरेशनमध्ये राहिली, तर इनोडीबी लेखन नाकारते. पीजी_वॉलची लिंक कायम ठेवायची असेल, तर ती डिस्क एफएसटॅबमध्ये (आपोआप माउंट होणाऱ्या डिस्कच्या यादीत) नोंदवावी आणि युनिट फाइलमध्ये रिक्वायर्स-माउंट्स-फॉर या ओळीत डेटाचा आणि वॉलचा असे दोन्ही मार्ग लिहावेत, म्हणजे दोन्ही डिस्क जागेवर आल्याखेरीज सेवा सुरूच होणार नाही. हे सारे झाल्यावर कामाचा भार कमी असलेल्या वेळी सर्व्हर एकदा ठरवून, रीतसर बंद करून पुन्हा सुरू करावा आणि तो कोणाच्या हस्तक्षेपाविना उठतो का ते पाहावे.